अमेरिकन कंपनीचे ‘नागरिकत्व’ म्हणजे काय?

आपल्या सभासद बंधूंपैकी कित्येकांच्या घरची मुले आता अमेरिकेत स्थायिक झाली आहेत, आणि त्यांच्या ओळखीने तांदूळ, डाळी, हळद असा माल तिकडे पाठविणाऱ्या पेढ्याही आहेत. उधारी थकली की प्रश्न येतो : दावा कोठे लावावयाचा? आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी. वकिली हा आमचा प्रांत नव्हे. तथापि जे समजले ते व्यापाऱ्याच्या भाषेत मांडीत आहोत, कारण या बाबतीत दुर्लक्ष झाल्यास जिंकलेला दावाही हातचा जातो.

अमेरिकेत प्रत्येक राज्याची आपली न्यायालये असून त्यांखेरीज साऱ्या देशाची संघीय न्यायालये निराळी आहेत. साधा करारभंगाचा दावा राज्याच्या न्यायालयात चालतो. परंतु परक्या मुलखातील व्यापाऱ्यास स्थानिक पंचांकडून सारखा न्याय मिळेलच असे नाही, ही शंका तेथील घटनाकारांनाही होती. म्हणून १७८९ च्या कायद्याने एक वाट ठेविली. आजमितीस वादी-प्रतिवादी भिन्न राज्यांचे नागरिक असतील, अथवा एक तेथील राज्याचा व दुसरा परदेशी असेल, आणि रक्कम ७५,००० डॉलरहून अधिक असेल, तर दावा संघीय न्यायालयात लावता येतो. मात्र एका बाजूच्या कोणाचेही राज्य दुसऱ्या बाजूच्या कोणाशीही जुळता कामा नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १८०६ मध्येच ठरविले.

माणसाचे राज्य त्याच्या कायम वास्तव्यावरून ठरते. कंपनीचे कसे ठरवावे? आपल्याकडे १९६३ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनी ही नागरिक नव्हे असे सांगितले, आणि त्यावाचून आपले काही अडत नाही; कंपनीवरचा दावा तिच्या मुख्य कचेरीच्या ठिकाणी चालतो. अमेरिकेत मात्र नागरिकत्वावाचून हे दारच उघडत नाही. १८०९ मध्ये न्यायालय म्हणाले, कंपनीमागची माणसे पाहा. भागधारक वाढले तसे ते अवघड झाले, आणि १८४४ मध्ये कंपनी ज्या राज्यात स्थापन झाली तेथील नागरिक मानण्याची प्रथा पडली.

या प्रथेचा लाभ कोणी कसा उठविला, ते पाहण्याजोगे आहे. केंटकी राज्यातील बोलिंग ग्रीन गावच्या एका टॅक्सी कंपनीला रेल्वे स्टेशनवर धंद्याचा एकट्याचा हक्क हवा होता. केंटकीची न्यायालये असा करार मान्य करीत नसत. तेव्हा मालकांनी कंपनी मोडली आणि तीच टेनेसी राज्यात पुन्हा नोंदविली. माणसे तीच, धंदा तोच, स्टेशनही तेच! मग परराज्याचे नागरिक म्हणून ते संघीय न्यायालयात गेले आणि १९२८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही जिंकले. व्यापारी म्हणून आम्हांस त्या युक्तीचे कौतुक वाटते. न्याय म्हणून वाटत नाही. १९५८ मध्ये कायदा बदलला. तेव्हापासून कंपनी दोन्ही ठिकाणची नागरिक ठरते : नोंदणीच्या राज्याची आणि मुख्य कारभाराच्या राज्याचीही. मुख्य कारभार म्हणजे सर्वांत मोठे गुदाम किंवा सर्वाधिक विक्री नव्हे. वरिष्ठ अधिकारी जेथून सूत्रे हालवितात ती कचेरी. हर्ट्झ या मोटारी भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या खटल्यात २०१० साली हे पक्के झाले. नावापुरती टपालपेटी ठेवून भागत नाही.

येथवर सोपे आहे. खरा घोटाळा ‘एल. एल. सी.’ या प्रकारात होतो, आणि आपल्या मुलांची तिकडची दुकाने बहुधा याच प्रकारची असतात. नाव कंपनीसारखे, पण नागरिकत्वापुरती ती आपल्या भागीदारी पेढीसारखी मानली जाते. जितके सदस्य, तितक्यांची राज्ये तिला चिकटतात. सदस्य स्वतः एल. एल. सी. असेल तर तिच्याही सदस्यांपर्यंत मागे जावे लागते. २००३ मध्ये शिकागो येथील अपील न्यायालयापुढे दुकानाच्या भाडेपट्ट्याचा एक वाद आला. ज्युरीने जागामालकास २,२०,००० डॉलर देवविले होते. अपिलात निघाले की जागामालक कॉर्पोरेशन नसून एल. एल. सी. आहे, आणि दोन्ही पक्ष इलिनॉय राज्याचे नागरिक आहेत. सारा निकाल रद्द! राज्याच्या न्यायालयात पहिल्यापासून सुरुवात करा, आणि वकिलांनी ते काम जादा फीवाचून करावे, असे न्यायमूर्तींनी सुचविले. उभय पक्षांच्या संमतीनेही हा दोष भरून निघत नाही. करारात ‘संघीय न्यायालय मान्य’ असे लिहिल्यानेही नाही.

आता आपल्या घरचे पाहू. ग्रीनकार्ड हा वास्तव्याचा परवाना आहे, नागरिकत्व नव्हे. तेव्हा खरेदीदार एल. एल. सी. मध्ये ग्रीनकार्डवरचा एखादा भाचा सदस्य असेल, तर ती एल. एल. सी. परदेशीही ठरते. आपणही परदेशी, दोन्हींकडे परदेशी आले की संघीय न्यायालयाचे दार बंद. याउलट, अमेरिकन नागरिकत्व घेऊन कायमचा पुण्यास परतलेला सदस्य ना तेथील कोणत्या राज्याचा, ना परदेशी. त्याच्यामुळेही दार बंदच होते. आपली पेढी भागीदारीची असेल तर तिच्या प्रत्येक भागीदाराचाही असाच हिशेब होतो. न्यू जर्सीत नागरिक होऊन राहिलेला एक भाऊ येथील वह्यांत भागीदार असला, तर त्या राज्यातील खरेदीदारावर संघीय न्यायालयात जाता येत नाही. अशा वेळी राज्याचे न्यायालय असतेच. पण ते आधी कळले तर मुदत व पैसा वाचतो.

१ डिसेंबर २०२२ पासून अशा दाव्यात प्रत्येक पक्षाने आपल्याला लागू होणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचे वा संस्थेचे नाव व नागरिकत्व न्यायालयात लेखी द्यावे लागते. पण वादीने दाव्यातच ते मांडावयाचे असते, आणि डेलावेअरसारख्या राज्याच्या नोंदणीत सदस्यांची नावे मिळत नाहीत. म्हणून पहिली मागणी स्वीकारतानाच खरेदीदाराकडून सदस्यांची यादी, प्रत्येकाचे नागरिकत्व व कायम वास्तव्य लेखी घ्यावे. दावा दाखल केला त्या दिवसाची स्थिती धरतात, यास्तव सदस्य बदलल्यास पंधरा दिवसांत कळविण्याचे कलमही करारात घालून घ्यावे.