परागकणांची साक्ष

ज्या माणसांनीं एक अक्षरहि लिहून ठेवलें नाहीं, त्यांनीं जंगल तोडून शेत केलें, हें आज सांगणार कोण? श्रोतेहो, डेन्मार्कमध्यें ही साक्ष दलदलींतील परागकणांनीं दिली आहे.

वाऱ्यावर उडालेले असंख्य परागकण दलदलीवर पडतात आणि वर्षानुवर्षें सांचणाऱ्या गाळांत गाडले जातात. कण डोळ्यांना दिसणार नाहीं इतका लहान. परंतु त्याचें कवच असें चिवट, कीं हवा न पोंचणाऱ्या ओल्या गाळांत तें हजारों वर्षें टिकतें. शिवाय कवचाचा घाट व नक्षी वनस्पतिपरत्वें निराळी. म्हणून गाळाचा उभा नमुना काढून थराथरांतील कण सूक्ष्मदर्शकाखालीं मोजले, म्हणजे कोणत्या काळीं काय उगवत होतें तें कळतें. स्वीडनचे लेनार्ट फॉन पोस्ट यांनीं १९१६ सालीं अशा मोजणीचे शेंकडेवारीचे आलेख प्रथम विद्वानांपुढें मांडले.

१९४१ सालीं डेन्मार्कचे योहान्नेस इव्हर्सेन यांनीं पाषाणयुगीन थरांतील एक विलक्षण क्रम दाखवून दिला. वृक्षांचे पराग एकाएकीं घटतात, गवताचे वाढतात. धान्याचे आणि आपल्या इसबगोलाच्या जातींतील, कुरणांत उगवणाऱ्या एका वनस्पतीचे पराग दिसूं लागतात. पुढें बर्च, मग हेझल, आणि अखेर पुन्हां मोठें अरण्य. इव्हर्सेन यांनीं अर्थ लावला: माणसें आलीं, त्यांनीं रान तोडलें, धान्य पेरलें, गुरें चारलीं आणि कालांतरानें तीं निघून गेलीं.

पण दगडी कुऱ्हाडीनें अरण्य तुटेल काय? ही शंका फेडण्यासाठीं १९५२ सालापासून द्राव्हेडच्या रानांत प्रयोग झाले. संग्रहालयांतील अस्सल दगडी पात्यांना दांडे बसवून झाडें पाडलीं. आपल्याकडील कुमरीच्या शेतीप्रमाणें जमीन भाजून धान्य पेरलें. कुऱ्हाडी पुरून उरल्या. भाजलेल्या जमिनींत पहिल्या वर्षीं पीक उत्तम आलें. नंतर तें झपाट्यानें उतरलें. माणसें जागा कां सोडीत असावींत, याचा उलगडा त्यांतून होतो.

तथापि या साक्षीदाराचीहि उलटतपासणी करावी लागते. पाइन वृक्ष परागांची उधळण करतो. कीटकांवर विसंबणारीं फुलें हात राखून देतात. तेव्हां परागांची गणती म्हणजे झाडांची गणती नव्हे. सुमारें ५,८०० वर्षांपूर्वीं वायव्य युरोपांत एल्म वृक्ष एकाएकीं कमी झाले, तें कुऱ्हाडीमुळें कीं रोगामुळें, हा वाद अजून मिटलेला नाहीं. परागकण काय घडलें तें सांगतात. कोणी घडविलें, तें ठरविण्याची जबाबदारी आपली असते.