भाताचा इवलासा मित्र

मुलांनो, पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे हा सह्याद्रीच्या कुशीतला भाग. येथे पाऊस भरपूर पडतो. म्हणून भात हे येथील मुख्य पीक आहे. या पिकाचा एक मोठा शत्रू आहे. त्याचे नाव खोडकिडा. त्याचा पिवळसर पतंग भाताच्या पानावर अंडी घालतो. अंड्यांतून निघालेली अळी खोडात शिरून आतला गाभा खाते. मग लोंबी पांढरी पडते आणि तिच्यात दाणाच भरत नाही.

अळी एकदा खोडात शिरली की तिला मारणे कठीण असते. म्हणून तिला अंड्यातच गाठले पाहिजे. हे काम ट्रायकोग्रामा नावाची चिमुकली माशी करते. ही गांधीलमाशीच्या जातकुळीतली. पण तिची लांबी एक मिलिमीटरही नसते आणि ती माणसाला डंख मारत नाही. ती पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते. तिचे पिल्लू आतला सगळा भाग खाऊन टाकते. मग पतंगाच्या अंड्यातून अळीऐवजी माशीच बाहेर पडते!

प्रयोगशाळेत तांदळातील पतंगाच्या अंड्यांवर या माश्या वाढवतात. ती अंडी कार्डावर चिकटवतात. एका कार्डावर सुमारे २०,००० अंडी असतात. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत माश्या बाहेर येतात. पण शेतात पतंगाची अंडी नसतानाच त्या बाहेर आल्या तर? थोड्याच दिवसांत त्या मरून जातील. म्हणून कार्डे काही दिवस सुमारे १० अंश सेल्सिअस तापमानात, फ्रिजमध्ये ठेवतात. थंडीत माश्यांची वाढ मंदावते.

मात्र हा मुक्काम फार लांबला तर माश्या दुबळ्या निपजतात. काहींचे पंख वाकडे होतात, काही कमी अंडी घालतात. असे कार्ड शेतात लावून काय उपयोग? कीटक कोणत्या तापमानात वाढला, यावर त्याची थंडी सोसण्याची शक्ती बरीच अवलंबून असते. थोड्या गार हवेत वाढलेले कीटक पुढची थंडी बहुधा चांगली सोसतात.

असे का होते? हिवाळ्यात तूप थिजते, पण गोडेतेल पातळच राहते. शरीरातील पेशींच्या आवरणातही असेच स्निग्ध पदार्थ असतात. गार हवेत वाढताना कीटकाच्या शरीरात सहज न थिजणाऱ्या स्निग्ध पदार्थांचे प्रमाण वाढते. त्यामुळे पेशींची आवरणे थंडीतही लवचीक राहतात. एकदम गारठ्यात टाकलेल्या कीटकाला ही तयारी करायला वेळच मिळत नाही.

पण थंडीला सरावलेला कीटक कडक उन्हात मागे पडू शकतो. म्हणून कार्ड उन्हात ठेवू नये. ते सकाळी किंवा संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचावे. त्या दिवसांत शेतात विषारी औषध फवारू नये. नाहीतर शत्रूबरोबर मित्रही मरेल.

मुलांनो, ताटातल्या गरम भाताची राखण एवढा छोटा जीव करतो. पण त्यासाठी आधी आपल्याला त्याची काळजी घ्यावी लागते.