जिथले हत्यार तिथे

ता. ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. माड मोडले. पोफळी आडव्या झाल्या. जुने आंबे मुळासकट उपटले. रस्ते बंद झाले. वीज गेली.

किनाऱ्याजवळच्या एका वाडीत त्या दिवशी काय झाले, ते ऐका.

वाडीत एक आप्पा राहतात. झाडे तोडून देणे, लाकूड कापून देणे, हा त्यांचा धंदा. घरी पाच करवती आहेत. दोन हाताच्या, वडिलांच्या वेळच्या. तीन साखळीच्या. साखळीची करवत म्हणजे चेनसॉ. कुणी तिला कटर म्हणतात. कुणी नुसते मशीन म्हणतात. आप्पांची दोन मशीन पेट्रोलवर चालतात. तिसरे विजेवर चालते.

वादळ ओसरले. शेजारची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला कळा सुरू झाल्या. दवाखाना दूर, आणि रस्त्यावर भला मोठा आंबा आडवा पडलेला. माणसे धावत आप्पांकडे आली.

आप्पा पडवीत गेले. पहिले मशीन कोपऱ्यात गोणपाटाखाली पडले होते. आप्पांनी दोरी ओढली. पुन्हा ओढली. मशीन काही चालू होईना. टाकीत दिवाळीपासूनचे पेट्रोल होते. दुसऱ्या मशीनची साखळी गंजून धरली होती. एक नवी साखळी सापडली. पण ती पट्टीवर बसेना. ती निघाली दुसऱ्याच मशीनची! तिसरे मशीन विजेचे. आणि वीज तर गेलेली.

इतक्यात पुतण्याची नजर भिंतीकडे गेली. दोघांनी ओढायची जुनी करवत खुंटीवर होती. दातांना तेल लावलेले होते. ती खुंटी कधी बदलली नव्हती.

त्याच करवतीने चौघांनी पाळीपाळीने आंबा कापला. तीन तास लागले. रस्ता मोकळा झाला. लेक वेळेवर दवाखान्यात पोचली आणि सुखरूप बाळंत झाली.

रात्री आप्पा पुतण्याला म्हणाले, "अरे, मशीनचा काही दोष नाही. दोष माझा आहे. बाबांनी करवतीला जागा दिली होती. मी मशीनला जागाच दिली नाही. तहान लागली तेव्हा विहीर खणायला निघालो!"

पुतण्या म्हणाला, "आप्पा, मग आता जागा देऊ या. उद्यापासूनच लागू."

त्यांनी काय काय केले, ते आता पाहू. तुमच्या घरी एकच मशीन असेल. किंवा मशीन नसेलही. कोयता, कुऱ्हाड, करवत तर असेल? मग हे तुमच्याही कामाचे आहे.

जागा कोणती?

आप्पांनी पडवीचा कोरडा कोपरा निवडला. तिथे पावसाची झड येत नाही. ओल आली की गंज आलाच. समुद्राकाठी हवा खारी असते. तिथे गंज अधिकच लवकर चढतो.

तो कोपरा चुलीपासून लांब आहे. देवाच्या दिव्यापासूनही लांब आहे. असे का? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही. जमिनीलगत पसरत जाते. दिसत नाही, पण दूरच्या विस्तवापर्यंत पोचते आणि भडका उडतो.

पुतण्या म्हणाला, "आप्पा, मशीन माळ्यावर ठेवू. म्हणजे पोरांचा हात पोचायचा नाही."

आप्पा म्हणाले, "पोरांचा नाही पोचणार. पण माझं काय? पाच-सहा किलोचं मशीन डोक्यावरून काढताना निसटलं, तर?"

म्हणून त्यांनी कमरेएवढ्या उंचीवर एक फडताळ केले. त्याला कुलूप लावले. हवा खेळावी म्हणून खाली आणि वर भोके ठेवली. भोकांना बारीक जाळी मारली. नाही तर उंदीर आत जातो. तो वायर कुरतडतो, नळ्या कुरतडतो.

ठेवण्याआधी काय करावे?

काम झाले की मशीन तसेच आत टाकू नये. आधी ते पूर्ण थंड होऊ द्यावे. धूर सोडणारा भाग फार तापलेला असतो. त्याला सुका भुसा चिकटला तर पेटू शकतो.

मग ब्रशाने भुसा झाडावा. हवेची जाळी साफ करावी. साखळीला धार लावूनच ती ठेवावी. बोथट साखळी ठेवली, तर पुढच्या वेळी कामाच्या घाईत कानस शोधत बसावे लागते. साखळीला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढावी. हातमोजे घालावेत. विजेचे मशीन असेल तर आधी वायर बोर्डातून काढावी.

मशीन महिनाभर लागणार नसेल, तर आणखी थोडे काम करावे. टाकीतले पेट्रोल उघड्या जागी डब्यात काढून घ्यावे. मग मशीन सुरू करावे. आत उरलेले पेट्रोल संपले की ते आपोआप बंद पडते.

हे कशासाठी? पेट्रोल आत साठून राहिले, तर त्यातला हलका भाग उडून जातो. मागे चिकट राळ उरते. कार्बोरेटरची भोके फार बारीक असतात. ती या राळेने बुजतात. शिवाय आजच्या पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल ओल ओढून घेते. म्हणून दिवाळीचे पेट्रोल जून महिन्यात दगा देते.

शेवटी मशीन थंड झाल्यावर साखळी आणि पट्टी काढावी. पट्टीच्या खाचेतला चिखल आणि भुसा खरडून काढावा. दोन्हींना तेलाचा हात द्यावा. साखळी झाकणाच्या डब्यात ठेवावी. साखळी पट्टीवरच ठेवायची असेल, तर ती थोडी सैल करावी आणि वर म्यान चढवावे. मशीनखाली पत्र्याचा जुना ट्रे ठेवावा. साखळीच्या तेलाची टाकी थोडी थोडी गळतेच. तेल जमिनीवर सांडले की पाय घसरतो.

पेट्रोलचा डबा

पेट्रोलचा डबा मशीनच्या फडताळात ठेवायचा नाही. त्याची जागा वेगळी. आप्पांनी तो घराबाहेर, सावलीत, जाळीच्या कुलुपबंद पेटीत ठेवला. डबा पत्र्याचा, घट्ट झाकणाचा. लागेल तेवढेच पेट्रोल आणायचे. साठा करायचा नाही.

पाण्याच्या बाटलीत पेट्रोल कधीही भरू नका. मूल तहानेले असते. बाटली दिसते. ते घोट घेते आणि जिवावर बेतते. असे कधी झालेच, तर मुलाला उलटी करायला लावू नका. उलटी होताना पेट्रोल फुप्फुसात शिरू शकते. ताबडतोब दवाखाना गाठा.

या मशीनला नुसते पेट्रोल चालत नाही. त्यात टू-टी तेल मिसळावे लागते. हेच तेल इंजिनाच्या आतल्या भागांना ओलावा देते. नुसते पेट्रोल घातले, तर इंजिन आतून घासते आणि जाम होते. मग खर्च मोठा येतो. पुष्कळ मशीनला १ लिटर पेट्रोलात २० मिलिलिटर तेल लागते. काहींना ४० लागते. आपल्या मशीनचे प्रमाण त्याच्या पुस्तिकेत पाहावे.

आता दोन डबे झाले. एक नुसत्या पेट्रोलचा, एक मिसळलेल्या पेट्रोलचा. कोणता कुठला, हे ओळखायचे कसे?

इथे काकी पुढे आल्या.

काकींची चिठ्ठी

काकी तेव्हा नुकत्याच लिहायला शिकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, डब्यावर लिहा की! आणा ती रंगाची डबी."

काकींनी एका डब्यावर लिहिले: "नुसते पेट्रोल. विष." दुसऱ्यावर लिहिले: "तेल मिसळलेले. मशीनसाठी. विष." त्याखाली मिसळल्याची तारीख घातली. महिना उलटला की ते मिश्रण मशीनमध्ये घालायचे नाही.

मग काकींनी फडताळाच्या प्रत्येक खणावर आकडा घातला. १, २, ३. तेच आकडे मशीनवर घातले. तेच साखळीच्या डब्यांवर घातले. दोन नंबरच्या डब्यावर एक चिठ्ठी लावली:

"मशीन २. पट्टी १८ इंच. साखळी ०.३२५. आतले दात ७२. कानस ४.८ मि.मी."

हे आकडे आणले कुठून? त्यांतले बरेचसे बहुतेक पट्ट्यांवर कोरलेले असतात. तुम्हीही वाचून पाहा. साखळी साखळीसारखीच दिसते. पण कड्यांमधले अंतर निराळे असते. खाचेत बसणाऱ्या आतल्या दातांची जाडी निराळी असते, संख्याही निराळी असते. यांतला एक आकडा जरी चुकला, तरी साखळी बसत नाही. धार लावायची गोल कानसही साखळीप्रमाणे लहानमोठी लागते. म्हणून प्रत्येक मशीनची साखळी, कानस आणि पान्हा त्याच मशीनच्या खणात. दुसरीकडे नाही.

आप्पा हसून म्हणाले, "इतकी वर्षं मी अंदाजानं साखळी आणत होतो. दोनदा तरी चुकीची आणली. आता चिठ्ठीच दुकानात नेईन."

भिंतीवरची हत्यारे

हाताच्या करवती भिंतीवर राहिल्या. त्यांचे दात भिंतीकडे वळवले. दातांवर सायकलची जुनी ट्यूब चिरून बसवली. कुऱ्हाडीला आणि कोयत्याला म्यान केले. शेजारच्या खुंट्यांवर टोपी, चष्मा आणि हातमोजे टांगले. मशीन काढताना ते डोळ्यांपुढेच येतात. मग "विसरलो" म्हणायला जागा उरत नाही.

पुतण्याने आणखी एक युक्ती केली. प्रत्येक हत्याराभोवती भिंतीवर कोळशाने रेघ ओढली. हत्यार काढले, की भिंतीवर त्याची रिकामी आकृती दिसते. संध्याकाळी एक नजर टाकली की पुरे. काय परत आले नाही, ते लगेच कळते.

फडताळाच्या दाराला आतून एक वही टांगली आहे. हत्यार कोणी नेले, कधी नेले, कधी परत आले, ते तिच्यात लिहायचे. शेजाऱ्याला हत्यार देताना मनाई नाही. पण नोंद हवी. नोंद असली की वाद होत नाही.

पुढच्या वर्षी

मे २०२१ मध्ये तौक्ते नावाचे वादळ कोकणच्या किनाऱ्याजवळून गेले. ते येणार ही सूचना आधीच मिळाली होती. आप्पांनी ताजे पेट्रोल आणले आणि तेल मिसळले. मशीन २ ला साखळी चढवली. अंगणात एकदा सुरू करून पाहिले.

वादळानंतर वाडीच्या रस्त्यावर पुन्हा झाड पडले. दुसऱ्या ओढीला मशीन सुरू झाले. अर्ध्या तासात रस्ता मोकळा झाला.

जुनी करवत आजही त्याच खुंटीवर आहे. आप्पा दर महिन्याला तिला तेल लावतात.

लक्षात ठेवा

१. मशीन थंड करा, साफ करा, धार लावा. मगच ठेवा.
२. महिनाभर लागणार नसेल तर टाकी रिकामी करा.
३. पेट्रोल वेगळे ठेवा. विस्तवापासून आणि मुलांपासून दूर ठेवा.
४. डब्यावर नाव आणि तारीख लिहा.
५. ज्या मशीनची साखळी, त्याच मशीनच्या खणात ठेवा.
६. फडताळाला कुलूप लावा. किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नका.

सांगा पाहू

१. आप्पांची तिन्ही मशीन वादळाच्या दिवशी का चालली नाहीत?
२. पेट्रोल चुलीजवळ का ठेवू नये?
३. तुमच्या घरातल्या हत्यारांची यादी करा. प्रत्येकापुढे त्याची जागा लिहा. ज्याच्यापुढे जागा लिहिता आली नाही, त्याला आजच जागा द्या.