टेम्पो स्टार्ट घेत नाही? आधी आवाज ऐका!



ससून डॉक असो, हर्णै असो की मिरकरवाडा, लिलाव झाला की पुढचा सगळा खेळ वेळेचा. क्रेट भरले, बर्फ टाकला, चावी फिरवली आणि गाडी गप्प! आपल्या हवेत म्हावऱ्याच्या वजनाइतका बर्फ लागतो. गाडी उभी राहिली की तो पाणी होतो आणि भावही उतरतो. मग घाईघाईत आपण सेल्फवर सेल्फ मारत बसतो. त्यात बॅटरीत उरलेला जीवही जातो.

म्हणून आमचं सांगणं एवढंच: एका वेळी १० सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा आणि आवाज ऐका.

१) नुसतं "टक" किंवा "टकटकटक"
हेडलाइट लावून सेल्फ मारा. लाइट एकदम मंद झाली तर बॅटरी उतरली आहे किंवा जोड सैल आहे. लाइट जोरात राहिली आणि एकच "टक" झालं, तर संशय सेल्फ मोटरवर.
आपल्याकडे खारा वारा असतो, त्यामुळे आधी टर्मिनल आणि बॉडीला जोडलेली अर्थिंगची वायर बघा. पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर काळी वायर आधी काढा, खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने पुसा, कोरडं करा. जोडताना काळी शेवटी. मग वरून व्हॅसलिन लावा. मीटर असेल तर बघा: भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२ च्या आसपास आली म्हणजे जवळजवळ रिकामी.

२) काहीच आवाज नाही
दिवेही नाहीत? मग बॅटरीचे जोड आणि मेन फ्यूज. दिवे आहेत पण सेल्फ मुका? गाडी न्यूट्रलला घ्या, क्लच पूर्ण दाबा, सेल्फकडे जाणारी बारीक वायर निसटली का पाहा.

३) इंजिन जोरात फिरतं, पण पकडत नाही
इथे बॅटरीला दोष नाही, डिझेलकडे बघा. टाकी कोरडी पडली असेल तर लाइनमध्ये हवा शिरते. डिझेल भरून फिल्टरवरच्या हातपंपाने हवा काढा. फिल्टरखाली साचलेलं पाणीही सोडून द्या.

एक सावधगिरी. बोटीच्या जुन्या इंजिनाची हवा काढायला आपण इंजेक्टरचे नट सैल करतो. ती सवय नव्या टेम्पोवर अजिबात नको! १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ लागू झालं. या डिझेल गाड्यांत कॉमन रेल इंजिन असतं आणि त्यातला दाब १००० बारच्याही वर जातो. उडालेलं डिझेल कातडीत घुसतं. तिथे मिस्त्रीच बोलवा.

जेटीच्या ओल्या उतारावर धक्का स्टार्टही नको. इंजिन बंद असताना ब्रेक जड होतो आणि भरलेली गाडी आवरत नाही. दुसऱ्या गाडीची बॅटरी लावायची तर लाल वायर लालला जोडा. काळीचं एक टोक चांगल्या बॅटरीला, दुसरं बंद गाडीच्या इंजिनाच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून निघणारा गॅस ठिणगीने पेटतो.

मिस्त्रीला फोन करताना "गाडी बंद आहे" एवढंच सांगू नका. आवाज कसा येतो आणि दिवे लागतात का, ते सांगा. म्हणजे तो योग्य सामान घेऊन निघेल आणि म्हावरा वेळेत बाजारात पोचेल.

घरात टेम्पो चालवणारं जे कुणी असेल, त्यांना हे नक्की दाखवा.