न पुसलेली पाटी



जालना जिल्ह्यांत गोदावरीच्या कांठीं शहागड नांवाचें गांव आहे. तेथील एखाद्या पतपेढीनें सभासदांसाठीं संकेतस्थळ उघडलें आहे, अशी क्षणभर कल्पना करूं. खातेक्रमांक भरला कीं बाकी दिसावी, एवढेंच त्याचें काम. पुढें सभासद वाढले, संकेतस्थळ मंदावलें, म्हणून तीच पर्ल स्क्रिप्ट नव्या, सदैव जागत्या सर्व्हरवर नेली. वेग वाढला खरा. परंतु एका सभासदास दुसऱ्याचीच बाकी दिसूं लागली! स्क्रिप्टमधील एक अक्षरहि बदललेलें नव्हतें. मग ही चूक आली कोठून?

पेढीवरील मुनीमाचें उदाहरण घेऊं. १९९३ सालीं पुढें आलेल्या सी.जी.आय. पद्धतींत प्रत्येक गिऱ्हाइकासाठीं नवा मुनीम बोलवावयाचा, त्याच्या हातीं कोरी पाटी द्यावयाची, आणि हिशेब होतांच दोघांसहि निरोप द्यावयाचा. यांत वेळ फार मोडे. १९९६ सालीं मॉड-पर्ल रचून पर्लचा दुभाष्या अपाची सर्व्हरच्या पोटांतच बसविण्यांत आला. आतां स्क्रिप्ट एकदां वाचावयाची आणि पुढील शेंकडों मागण्या त्याच मुनीमानें भागवावयाच्या. मात्र पाटी आपोआप पुसली जात नाहीं.

दोष दोन प्रकारचे संभवतात. पहिला साधा आहे: सार्वत्रिक चलांत मागल्या सभासदाचा क्रमांक राहतो, आणि पुढल्यानें रकाना कोरा सोडला तर तोच वापरला जातो. दुसरा अधिक फसवा आहे. नवी व्यवस्था संपूर्ण स्क्रिप्टच एका मोठ्या उपक्रमांत गुंडाळते. त्यामुळें आंतील लहान उपक्रम बाहेरच्या चलाची पहिल्या फेरींतील किंमत कायमची धरून बसतो. सर्व्हर नव्यानें सुरू केला कीं पहिलें उत्तर बरोबर येतें, पुढचीं चुकतात. शिवाय मुनीम एक नसून अनेक असतात, व प्रत्येकाची पाटी निराळी. म्हणून चूक कधीं दिसते, कधीं लपते.

यासाठीं प्रथम अपाची एकाच प्रक्रियेंत चालवावा आणि दोन निरनिराळे क्रमांक लागोपाठ विचारावे. म्हणजे लपंडाव थांबतो. नंतर पर्लची कडक शिस्त आणि इशारे चालू करावे. चल सामायिक राहणार नाहीं, असा इशारा आला तर चोर सांपडलाच समजा. आंतील उपक्रमास लागणारी किंमत हातोहात द्यावी, आणि प्रत्येक चलास आरंभींच किंमत द्यावी. उघडलेली फाइल बंद करावी व तिचें कुलूप सोडावें. पूर्वीं प्रक्रिया संपतांच तें आपोआप सुटे, आतां सुटेलच असें नाहीं. आणि मोड्यूल दुरुस्त केल्यावरहि जुनीच चूक दिसली तर गोंधळूं नये. स्मरणांत जुनी प्रत असते, सर्व्हर पुन्हां सुरू करावा.

सर्व्हर बंद-चालू करून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. तो टाळावा. एकाच्या कर्जाचा आंकडा दुसऱ्याच्या डोळ्यांपुढें जाणें ही केवळ तांत्रिक अडचण नव्हे; तो विश्वासाचा भंग आहे. जुन्या व्यवस्थेंत आपली निष्काळजी कोणी तरी दररोज झांकीत होतें. नवी व्यवस्था ती उघड करते, एवढाच काय तो भेद.