जितेपासून दवाखाना किती दूर?

पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर आपट्यानंतर जिते स्थानक लागते. पेण तालुक्यातल्या या गावात, समजा, भाताची लावणी करताना कुणाला साप चावला. अशा वेळी दंशाची जागा कापू नये, करकचून बांधू नये. रुग्णाला फार हलू न देता लवकरात लवकर दवाखान्यात न्यावे. पण कोणत्या? सर्पदंशावरची लस असलेला सर्वांत जवळचा दवाखाना कोणता, हे गावातली जाणती माणसे सांगतील. हाच प्रश्न राज्यातल्या हजारो गावांसाठी संगणकाला विचारायचा असेल, तर त्याला ‘कुठे’ हा शब्द समजावा लागतो.

साध्या डेटाबेसला तो समजत नाही. तिथे माहिती तक्त्यांत असते : गावाचे नाव, तालुका, पिनकोड. ‘जिते कोणत्या तालुक्यात?’ याचे उत्तर लगेच मिळते. ‘जितेपासून १० किलोमीटरच्या आत काय आहे?’ याचे मिळत नाही, कारण अंतर कोणत्याच रकान्यात लिहिलेले नसते.

अमेरिकेतील बर्कले येथे मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये ‘पोस्टग्रेस’ प्रकल्प सुरू केला. नव्या प्रकारची माहिती सामावून घेता यावी, हा त्याचा एक हेतू होता. त्यातूनच पुढे ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ हा मुक्तस्रोत डेटाबेस घडला. कॅनडातील रिफ्रॅक्शन्स रिसर्च या कंपनीने २००१ मध्ये त्याला ‘पोस्टजीआयएस’ची जोड दिली. आता रकान्यात आकारही ठेवता येतात : दवाखाना म्हणजे बिंदू, मुंबई-गोवा महामार्ग म्हणजे रेषा, भातखाचर म्हणजे क्षेत्र.

असे कोट्यवधी आकार साठले, तर शोध लांबणार नाही का? इथे टपाल खात्याची युक्ती कामी येते. जितेचे पत्र पोहोचवताना देशभरातली सगळी पत्रे कुणी वाचत नाही. आधी रायगडची थैली, मग पेणची. डेटाबेसही प्रत्येक आकाराभोवती चौकट आखतो, जवळच्या चौकटी मोठ्या चौकटीत घालतो आणि शोधताना नको त्या चौकटी न उघडताच बाजूला सारतो. अचूक मोजमाप होते ते उरलेल्या थोड्या आकारांचेच. ‘आर-ट्री’ नावाची ही पद्धत अँटोनिन गुटमन यांनी १९८४ मध्ये मांडली. पोस्टग्रेएसक्यूएलचा एक तक्ता ३२ टेराबाइटपर्यंत वाढू शकतो. ओपनस्ट्रीटमॅप या जगाच्या खुल्या नकाशातले अब्जावधी बिंदू याच डेटाबेसमध्ये राहतात.

मात्र उत्तर चुकण्याच्या दोन जागा आहेत. पहिली, अंश म्हणजे किलोमीटर नव्हे. जितेच्या परिसरात अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा, तर रेखांशाचा सुमारे १०५ किलोमीटरचा. त्यामुळे अंतर मोजताना मीटरमध्ये रूपांतर करावेच लागते. दुसरी, सरळ रेषेतले अंतर रुग्णवाहिकेच्या कामाचे नसते. पेणच्या परिसरात पाताळगंगा, बाळगंगा, भोगावती, अंबा अशा नद्या आणि खाड्या आहेत. पलीकडच्या काठावरचे गाव डोळ्यांना दिसते, पण पुलावरून वळसा पडतो. रस्त्याने होणारे अंतर काढण्यासाठी ‘पीजीरूटिंग’ ही आणखी एक मुक्तस्रोत जोड वापरतात.

या साधनांना परवाना शुल्क नाही. सरकारी कामात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण केंद्राने २०१५ मध्ये जाहीर केले. तेव्हा एखादे महाविद्यालय किंवा पंचायत समितीही आपल्या तालुक्याची अशी नोंद ठेवू शकते. सॉफ्टवेअर फुकट मिळते. नोंद ताजी ठेवायला मात्र माणसेच लागतात. लस कालच संपली असेल किंवा वाटेवरचा साकव पाण्याखाली गेला असेल आणि तक्त्यात ते नसेल, तर संगणक क्षणार्धात उत्तर देईल, पण चुकीचे. कोणता साकव पहिल्या मोठ्या पावसात बुडतो, हे गावाला ठाऊक असते. ती ओळ पावसाळ्याआधी तक्त्यात पोहोचायला हवी.