पंधरा गीझरचा एक शॉट!

‘थ्री इडियट्स’मधला कॅमेरावाला ड्रोन आठवतोय? २००९ सालच्या त्या सिनेमासाठी तो बनवला होता आयआयटी मुंबईच्या पोरांनी सुरू केलेल्या ‘आयडियाफोर्ज’नं. आपण थिएटरात म्हणालो होतो, ‘सॉल्लिड!’ आज तीच कंपनी नवी मुंबईतून आपल्या लष्कराला टेहळणीचे ड्रोन पुरवते. खेळणं सीरियस झालंय, बॉस!

किती सीरियस, हे युक्रेनला विचारा. २०२२पासून तिथं रशियाकडून इराणी डिझाइनचे ‘शाहेद’ ड्रोन येऊन आदळतायत. एकाची किंमत अंदाजे २० ते ५० हजार डॉलर. आणि तो पाडायला ‘पॅट्रियट’चं क्षेपणास्त्र सोडलं, तर त्या एकाचेच होतात सुमारे ४० लाख डॉलर. म्हणजे रिक्षा अडवायला मर्सिडीज आडवी घालायची! नेम अगदी बरोबर लागला, तरी दिवाळं आपलंच.

म्हणूनच सगळ्यांना आता लेझर हवाय. ब्रिटननं जानेवारी २०२४मध्ये ‘ड्रॅगनफायर’ची चाचणी जाहीर करताना एका शॉटचा खर्च सांगितला दहा पौंडांहून कमी. मल्टिप्लेक्सची दोन तिकिटं, पॉपकॉर्न सोडून! आपणही मागे नाही हं. १३ एप्रिल २०२५ला डीआरडीओनं कुर्नूलला ३० किलोवॅटच्या लेझरनं उडता ड्रोन जाळून दाखवला. तुमच्या बाथरूममधला गीझर साधारण दोन किलोवॅटचा. असे पंधरा गीझर एका छोट्याशा ठिपक्यावर एकवटलेत, अशी कल्पना करा.

मग प्रॉब्लेम काय? तर तो ठिपका उडत्या ड्रोनच्या एकाच जागी काही सेकंद धरून ठेवावा लागतो. एक जळेपर्यंत बाकीचे पुढे सरकतात. शिवाय धुकं, धूळ, पाऊस आला की किरण विखुरतो. एप्रिलमधलं कुर्नूलचं आभाळ ठीक आहे हो, पण जुलैतल्या कोकणकिनाऱ्याचं काय? झुंडीवर दुसरा उतारा मायक्रोवेव्हचा. अमेरिकेत ऑगस्ट २०२५मध्ये ‘लिओनिडास’ या यंत्रानं एका झटक्यात ४९ ड्रोन खाली आणले. आतलं सर्किटच उडवायचं, भोक पाडायची भानगडच नाही. मात्र याचा पल्ला लेझरपेक्षा कमी.

मला स्वतःला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न मात्र वेगळाच आहे. पाडलेला ड्रोन पडतो कुठे? मे २०२५मध्ये पाकिस्तानातून तीन-चारशे ड्रोन आले, असं आपल्या लष्करानंच सांगितलं. त्याच दिवसांत फिरोजपूरजवळच्या एका गावात ड्रोन घरावर कोसळला. एकाच कुटुंबातले तिघं भाजले, त्यातल्या बाई पुढे गेल्या. लेझरनं पंख जाळला तरी पोटातली स्फोटकं कुणाच्या तरी अंगणातच उतरणार ना? दहा पौंडांच्या हिशेबात हे अंगण कुठेच नाही.

आणि गंमत बघा, त्या रात्री आपल्या कामाला आल्या त्या ‘एल-७०’ तोफा. मूळ डिझाइन १९४०च्या दशकातलं, रडार आणि कॅमेरे तेवढे नवे बसवलेले. नागपूरच्या सोलर कंपनीनं त्याच मे महिन्यात ओडिशातल्या गोपाळपूरला ‘भार्गवास्त्रा’ची चाचणी घेतली, तीसुद्धा छोट्या, स्वस्त रॉकेटांची. लेझरवाले अजून आभाळ निवळायची वाट बघतायत.